पावतीपुस्तक मुलींच्या हाती द्या

गणेशोत्सवाच्या दिवसांत मीरा रोड वा भाईंदरच्या एखाद्या गृहसंकुलात सायंकाळी सहज फेरी मारावी. मंडपाच्या कोपऱ्यात टेबल मांडून मुलगे वर्गणीच्या पावत्या फाडत असतात, विजेच्या माळा चढवीत असतात, विसर्जनाच्या टेम्पोवाल्याशी घासाघीस करीत असतात. त्यांच्याच वयाच्या मुली त्या वेळी व्यासपीठावर असतात. समूहनृत्य, वेशभूषा, फार तर रांगोळी स्पर्धा. टाळ्या मुलींच्या वाट्याला येतात, जबाबदारी मुलग्यांच्या. उत्सव संपला की मुलग्यांचे मंडळ शिल्लक राहते. मुलींपाशी काय उरते? एक प्रशस्तिपत्रक आणि काही छायाचित्रे.

हे शहर फार वेगाने वाढले. १९८५ साली ग्रामपंचायती एकत्र करून येथे नगरपरिषद स्थापन झाली आणि २८ फेब्रुवारी २००२ रोजी ती महानगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत पावणेदोन लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या २०११ मध्ये आठ लाखांवर गेली. मिठागरांच्या आणि शेतांच्या काठाने इमारती उभ्या राहिल्या. गिरगाव-लालबागच्या चाळी सोडून अनेक मराठी कुटुंबे येथे आली. चाळीत मुलींना सामाईक गॅलरी होती, चौक होता, हाकेच्या अंतरावर शेजारच्या काकू होत्या. येथे दार लोटले की शेजार संपतो. आई-वडील सकाळच्या लोकलने जातात आणि दिवेलागणीनंतर परततात. मोकळे मैदान असलेच तर तेथे क्रिकेट चालते. मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिचे जग शाळा, शिकवणी, घर आणि मोबाइल एवढ्यावर येऊन थांबते.

मुलींसाठी अशी जागा कोणी आपण होऊन दिली, असे इतिहासात सहसा आढळत नाही. ती मागावी लागली. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये बालवीरांचा मेळावा भरला असता काही मुली निमंत्रण नसताना तेथे जाऊन उभ्या राहिल्या आणि ‘आमच्यासाठीही काही हवे’ असे त्यांनी सांगितले. त्यातून पुढच्याच वर्षी ‘गर्ल गाइड्स’ची चळवळ आकारास आली. १९११ मध्ये जबलपूरला तिचे भारतातील पहिले पथक सुरू झाले, आणि १९६६ पासून पुण्यात ‘संगम’ हे तिचे जागतिक केंद्र उभे आहे. इकडे वर्ध्यात लक्ष्मीबाई केळकर यांचे मुलगे संघशाखेत जात. त्यांच्यात होणारा पालट ही माता पाहत होती. जे मुलांना मिळते ते मुलींना का मिळू नये, हा प्रश्न घेऊन त्या डॉ. हेडगेवारांना भेटल्या आणि १९३६ च्या विजयादशमीला राष्ट्र सेविका समितीचा प्रारंभ झाला. तरुणपणीच वैधव्य आलेल्या, मुलाबाळांचा संसार एकटीने सांभाळणाऱ्या गृहिणीने हे काम उभे केले. या दोन चळवळींचे विचार आणि वेष सर्वस्वी भिन्न. परंतु दोहोंच्या मुळाशी असलेला प्रश्न एकच.

आज वस्तीवस्तीत किशोरींचे मंडळ हवे, असे आम्ही म्हणतो ते याच प्रश्नाला स्मरून. त्याचा आरंभ खेळातूनच व्हावा. लंगडी, खो-खो, लगोरी यांना ना फारसे साहित्य लागते, ना भाषा. मराठी, गुजराती, राजस्थानी, उत्तर भारतीय घरांतील मुली आणि उत्तनच्या कोळीवाड्यातील मुली ज्या शहरात राहतात, तेथे त्यांची ओळख प्रथम मैदानावरच होऊ शकते. खेळाचे महत्त्व केवळ करमणुकीपुरते नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते १९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. ज्या मंडळात मुली नियमित धावतात, एखादी डॉक्टर ताई येऊन आहाराविषयी आणि पाळीविषयी मोकळेपणी बोलते, तेथे हा प्रश्न वेळीच लक्षात येतो.

परंतु खेळ आणि छंदवर्ग एवढ्यावर मंडळ थांबले, तर ती आणखी एक शिकवणीच ठरेल. मुलीला घडविते ती तिच्यावर टाकलेली जबाबदारी. महापालिका शाळेतील लहानग्यांना आठवड्यातून दोन दिवस वाचन शिकविणे, विसर्जनाच्या वेळी निर्माल्य गोळा करणे, ज्यांची मुले परदेशी आहेत अशा आजी-आजोबांना बँकेचे अर्ज भरून देणे, ही कामे लहान दिसतात. ती ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी करावी लागतात, आणि न केल्यास कोणीतरी वाट पाहत राहते. आपली कोणी वाट पाहत आहे, ही जाणीव चौदाव्या वर्षी झाली की ती जन्मभर पुरते. मंडळाचा जमाखर्च मुलींनीच लिहावा. बैठक त्यांनीच चालवावी. चुकल्यास त्यांनीच दुरुस्त करावे.

पालकांच्या शंका खऱ्या आहेत. दहावीचे वर्ष आहे, वेळ नाही; काळ बरा नाही, सोबत कोण? आठवड्याचे दोन तास अभ्यास बुडवीत नाहीत. सुरक्षिततेसाठी मात्र नियम काटेकोर हवेत. प्रत्येक उपक्रमात किमान दोन प्रौढ स्त्रिया असाव्यात, आई-वडिलांना केव्हाही येऊन पाहता यावे आणि घरी परतण्याची वेळ ठरलेली असावी. खरी उणीव आहे ती अशा ताईंची. ज्यांनी पोटापाण्यासाठी वर्षानुवर्षे लोकलचा प्रवास केला आणि आता निवृत्त झाल्या, त्यांच्यापाशी अनुभव आहे आणि वेळही आहे. कार्यकर्ता कसा घडतो हे शिकण्यासाठीही दूर जावयास नको. प्रशिक्षणाचे काम करणारी रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी याच शहरात, उत्तनच्या केशवसृष्टीत आहे.

गृहनिर्माण संस्थांचे सभागृह वर्षातून कितीदा उघडते? बारशी, वाढदिवस आणि सर्वसाधारण सभा यांखेरीज ते कुलूपबंदच असते. रविवारी सकाळी दोन तास ते मुलींसाठी उघडण्यास ठरावापलीकडे काही लागत नाही. आणि येत्या गणेशोत्सवात प्रत्येक मंडळाने एवढे करावे: नृत्य बसविणाऱ्या मुलींना बोलवावे आणि वर्गणीचे पावतीपुस्तक त्यांच्या हाती द्यावे. हिशेब चोख येईल, याविषयी आम्हांस शंका नाही. पुढच्या वर्षी त्या ते पुस्तक स्वतःहून मागतील, आणि आपल्या वस्तीत मुलींचे मंडळ उभे राहिले ते त्या दिवशी, असे समजावे.