ओव्हरड्राफ्ट वहीत कसा लिहावा?

खात्यात शिल्लक नसतानाही बँक ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे काढू देते. यालाच ओव्हरड्राफ्ट म्हणतात. पुष्कळजण ही रक्कम मिळकत समजून घरखर्चाला लावतात आणि कर्ज नकळत वाढत जाते. म्हणून ती वहीत कर्ज म्हणूनच लिहावी.

समजा, चपलांच्या दुकानाच्या खात्यात ८,००० रुपये आहेत. मालासाठी २०,००० रुपयांचा चेक दिला. खरेदी पूर्ण २०,००० लिहावी. चेक वटला की बँकेचे १२,००० रुपये देणे झाले. आपल्या वहीत बँकेच्या खात्यावर ही जमा बाकी निघेल. पासबुकात मात्र तीच रक्कम नावे बाकी दिसेल, कारण ते बँकेच्या बाजूने लिहिलेले असते.

बँकेने ११० रुपये व्याज लावले, तर ते व्याज खाती नावे व बँकेच्या खाती जमा करावे. देणे १२,११० झाले. नंतर विक्रीचे ५,००० रुपये भरले, तर विक्री पूर्ण ५,००० लिहावी. देणे ७,११० उरेल.

३१ मार्चच्या ताळेबंदात ही रक्कम देण्यांच्या बाजूला येते. गल्ल्यातील रोख त्यातून वजा करू नये. रोख मालमत्तेच्या बाजूला वेगळी लिहावी.

दरमहा वही व पासबुक शेजारी ठेवून ताळा पाहावा. शिकत्या मुलामुलींनाही सोबत बसवावे. विक्री होऊनही देणे महिन्यागणिक वाढत असेल, तर पुढचा चेक फाडण्याआधी खर्चाला हात घाला.