चर्चच्या सेवेसाठी परदेशातून जालन्यात आलेल्या स्वयंसेवकाला नेमकं काय करता येतं?

समजा, अमेरिकेत तीस वर्षं नोकरी केलेलं एक मराठी ख्रिस्ती दांपत्य निवृत्त झालं. दोघांकडे तिथला पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड आहे. त्यांना सहा महिने जालन्यात राहायचं आहे. आठवड्यातले काही दिवस रुग्णसेवा, संध्याकाळी मुलांना इंग्रजी आणि रविवारी चर्चमध्ये छोटंसं प्रवचन, असा त्यांचा बेत आहे. पगार नको आणि राहण्याचा खर्चही स्वतःचाच.

हेतू साधा असला तरी या तीन कामांना भारतीय कायदा एकाच मापाने मोजत नाही. नियम न पाहता कामाला सुरुवात झाली, तर पाहुण्यावर देश सोडण्याची वेळ येऊ शकते आणि बोलावणारी मंडळीही अडचणीत येऊ शकते.

व्हिसा कोणता?

परदेशी नागरिकासाठी मुख्य वाटा तीन आहेत. पहिली पर्यटन व्हिसाची. त्यावर विनामोबदला स्वयंसेवी काम करता येतं, पण जास्तीत जास्त एक महिना. दुसरी वाट नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थेत काम करण्यासाठीच्या रोजगार व्हिसाची. मानद काम असलं तरी हाच व्हिसा लागतो आणि त्यावर संस्थेचा उल्लेख असतो. धर्मकार्यासाठी येणाऱ्यांसाठी तिसरा, स्वतंत्र मिशनरी व्हिसा आहे.

म्हणजे एकच व्यक्ती सकाळी दवाखान्यात मदत करते तेव्हा एका चौकटीत असते आणि संध्याकाळी प्रवचन देते तेव्हा दुसऱ्या. व्हिसा पहिल्या चौकटीचा असेल, तर दुसरं काम त्यात आपोआप बसत नाही.

ओसीआय कार्ड पुरेसं नाही का?

अनेक मराठी कुटुंबांचा गैरसमज इथेच होतो. ओसीआय कार्डावर भारतात आयुष्यभर ये-जा करता येते, मुक्काम कितीही लांबला तरी पोलिसांकडे नोंदणी करावी लागत नाही. मात्र केंद्रीय गृह मंत्रालयाच्या ४ मार्च २०२१च्या अधिसूचनेनुसार काही कामांसाठी कार्डधारकांनाही विशेष परवानगी घ्यावी लागते. संशोधन, पत्रकारिता आणि गिर्यारोहणाबरोबरच त्यात मिशनरी आणि तबलिगी कामाचाही समावेश आहे.

आजोळ जालन्यात असलं, मराठी मातृभाषा असली, तरी या बाबतीत सूट नाही. वरच्या उदाहरणातल्या दांपत्याने इंग्रजी शिकवण्यापर्यंत थांबावं की प्रवचनासाठी आधी परवानगी मागावी, हे विमानात बसण्यापूर्वीच ठरवायला हवं.

ऐकणं आणि सांगणं

ही रेषा कुठे आहे, हे करोनाच्या काळात मराठवाड्याला जवळून दिसलं. दिल्लीतल्या तबलिगी मेळाव्यानंतर एप्रिल २०२०मध्ये केंद्राने ९६० परदेशी नागरिकांना काळ्या यादीत टाकलं. ते पर्यटन व्हिसावर आले होते. अहमदनगर जिल्ह्यात दाखल झालेले गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. जालना जिल्हाही याच खंडपीठाच्या कक्षेत येतो.

खंडपीठाने २१ ऑगस्ट २०२० रोजी २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. धर्मस्थळाला भेट देणं आणि प्रवचन ऐकणं यांवर व्हिसाच्या नियमांत बंदी नाही, हे न्यायालयाने नमूद केलं. मात्र त्याच नियमावलीत धर्मस्थळी भाषण देणं, धार्मिक विचारांचा प्रचार करणं आणि पत्रकं वाटणं यांना मनाई आहे. मशिदीला लागू होणारं हे सूत्र चर्चमध्ये येणाऱ्या पाहुण्यानेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. बाकावर बसून प्रार्थना करण्यात अडचण नाही. उभं राहून बोलायचं असेल, तर त्यासाठी वेगळी परवानगी लागू शकते.

संविधानाचं कलम २५ धर्मस्वातंत्र्य देताना ‘नागरिक’ न म्हणता ‘व्यक्ती’ म्हणतं. तरीही परदेशी माणसाने कोणत्या अटींवर देशात यावं, हे ठरवण्याचा अधिकार सरकारकडेच राहतो. शिवाय धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९७७च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सांगितलं आहे.

यजमानाची जबाबदारी

१ सप्टेंबर २०२५पासून ‘इमिग्रेशन अँड फॉरेनर्स अॅक्ट’ लागू झाला आणि परदेशी नागरिकांविषयीचे जुने कायदे त्यात एकत्र आले. व्हिसाच्या अटी मोडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. परदेशी पाहुण्याला राहायला जागा देणाऱ्याने त्याची माहिती प्रशासनाला कळवायची असते. रुग्णालयं आणि शिक्षणसंस्थांवरही तशी जबाबदारी आहे. जालन्यासारख्या जिल्ह्यात परदेशी नागरिकांची नोंदणी जिल्हा पोलीस अधीक्षकांकडे होते.

पैशाचा प्रश्न वेगळा. पाहुण्याने परदेशातल्या मंडळींकडून संस्थेसाठी देणगी आणली, तर ती घ्यायला संस्थेकडे एफसीआरए नोंदणी हवी. २०२०च्या दुरुस्तीनंतर असा निधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतल्या मुख्य शाखेतल्या खात्यातच आधी जमा व्हावा लागतो आणि तो पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. पाहुण्याने विश्वासाने हातात ठेवलेलं पाकीटही मंडळीच्या अंगाशी येऊ शकतं.

जालन्याचा जुना अनुभव

मिशन म्हटलं की गोरा पाद्री डोळ्यांसमोर येतो. जालन्यात मात्र हे काम उभं केलं ते एका मराठी माणसाने. १८४३मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेले नारायण शेषाद्री हे स्कॉटिश मिशनचे कार्यकर्ते. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला पुन्हा जातीत घेण्यावरून मोठा वाद झाला होता. बाळशास्त्री जांभेकर तेव्हा श्रीपतच्या बाजूने उभे राहिले होते. पुढे नारायण शेषाद्री निजामाच्या मुलखातल्या जालन्यात आले आणि हैदराबादचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी ‘बेथेल’ ही वस्ती वसवली.

मुंबईहून आलेल्या माणसालाही तेव्हाचं जालना एका अर्थी परमुलूखच होतं, कारण ब्रिटिश मुंबई सोडून निजामाच्या हद्दीत जायचं होतं. तिथे वस्ती करायची तर दिवाणाची मर्जी लागली, जमीन लागली आणि बरीच वर्षं द्यावी लागली. बाहेरून येणारा मदत करेल, पण निर्णय कोण घेणार, हा प्रश्न तेव्हाही सुटलेला नव्हता. कवी ना. वा. टिळकांनी १९१७मध्ये अहमदनगरच्या अमेरिकन मिशनची नोकरी सोडली, त्यामागेही मिशनऱ्यांच्या वर्चस्वाबद्दलची नाराजी होती.

मग स्थिरावायचं कसं?

आज येणाऱ्या स्वयंसेवकाने आधी स्थानिक मंडळीला विचारावं, की तुम्हाला नेमकं काय हवं आहे? महिनाभराचा मुक्काम असेल, तर शिकवणं किंवा रुग्णांची मदत यांसारखं ठरलेलं एखादं काम पुरे. अधिक राहायचं असेल, तर योग्य व्हिसा किंवा परवानगी आणि लेखी निमंत्रण हवं. त्यासोबत मराठी हवी, आणि जालन्याच्या बाजारात कानावर पडणारी दखनी उर्दूही समजायला हवी. नळाला रोज पाणी येईलच असं धरून चालू नये.

पाहुण्याला परतीचं विमान पकडता येतं. त्याच्या चुकीबद्दल पोलीस ठाण्यात उत्तर द्यायला मात्र इथली मंडळीच मागे राहतात. म्हणून प्रवचनाचा आग्रह आधी यजमानाने नव्हे, तर पाहुण्याने स्वतःच बाजूला ठेवायला हवा.