झोपी गेलेली फुलं

मुलांनो, कार्नेशनचं फूल तुम्ही पाहिलं असेलच. लग्नाच्या स्टेजवर, पाहुण्यांना द्यायच्या पुष्पगुच्छात, कडा कात्रीने कातरल्यासारख्या दिसणाऱ्या दाट पाकळ्यांचं फूल असतं ना, तेच. नीट जपलं तर पाण्यात आठवडाभर सहज टिकतं, म्हणून फुलवाल्यांचं ते लाडकं. पण याच कार्नेशनने शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या शिकागो शहरात बागाइतदारांच्या डोळ्यांत पाणी आणलं होतं.

झालं काय, की काचेच्या हरितगृहात छान उमललेली फुलं एकाएकी मिटू लागली. पाकळ्या आत वळत आणि फूल पेंगुळल्यासारखं दिसे. कळ्या तर उमलायचंच नाव घेईनात. बागाइतदार म्हणत, "फुलं झोपली!" पण ही झोप अशी, की तिच्यातून फूल पुन्हा जागं होत नसे. मिटलेलं फूल विकत कोण घेणार? फार मोठं नुकसान होऊ लागलं. कीड दिसत नव्हती, रोग दिसत नव्हता.

शिकागो विद्यापीठात तेव्हा विल्यम क्रॉकर नावाचे वनस्पतिशास्त्राचे तरुण अध्यापक होते. ओहायो राज्यात १८७६ साली त्यांचा जन्म झाला. काही बिया पेरल्यावर लगेच का उगवत नाहीत, हा त्यांचा डॉक्टरेटचा विषय. म्हणजे आधी बियांची झोप आणि मग फुलांची! ली नाइट या सहकाऱ्याबरोबर ते या कोड्याच्या मागे लागले.

त्या काळी शहरांत विजेचे दिवे सगळीकडे पोचले नव्हते. घरात आणि रस्त्यावर गॅसचे दिवे जळत. दगडी कोळशापासून काढलेला हा गॅस जमिनीखालच्या नळांतून खेळवलेला असे, आणि नळ म्हटले की गळती आलीच. युरोपातल्या काही शहरांत अशा नळांजवळची झाडं अकाली पानं गाळतात, हे आधीच लोकांच्या लक्षात आलं होतं. रशियात सेंट पीटर्सबर्गला नेल्युबोव्ह नावाच्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेतले वाटाण्याचे कोंब सरळ वर न जाता आडवे वाढताना दिसले. त्याने शोध घेतला आणि १९०१ मध्ये सांगितलं, की दिव्याच्या गॅसमधला एथिलीन नावाचा वायू हे करतो.

क्रॉकर आणि नाइट यांनी मोजूनमापून गॅस सोडला आणि कार्नेशनचं काय होतं ते पाहिलं. हवेच्या ८०,००० भागांत दिव्याचा गॅस फक्त १ भाग असला, तरी १२ तासांत उमललेली फुलं मिटली. मग त्यांनी नुसता एथिलीन घेतला. त्याला तर २० लाखांत १ भाग पुरला! हा आकडा डोळ्यांसमोर आणायचा तर तुमचा वर्ग घ्या. ८ मीटर लांब, ६ मीटर रुंद, साडेतीन मीटर उंच. त्यात हवा मावते १ लाख ६८ हजार लिटर. तिचा विसलाखावा भाग म्हणजे ८४ मिलिलिटर. टपरीवरच्या कटिंग चहाच्या ग्लासाएवढा वायू सगळ्या वर्गात पसरला, की टेबलावरचं कार्नेशन मिटलंच म्हणून समजा. (गणित करून पाहा, चूक सापडणार नाही.)

हे निष्कर्ष १९०८ मध्ये छापून आले. पण बागाइतदाराला नुसतं कारण कळून काय उपयोग? इतका थोडा गॅस नाकाला कळतच नाही. तेव्हा १९१० मध्ये या मंडळींनी गळती ओळखण्याची युक्तीही सांगितली. स्वीट पी या फुलवेलीचे अंधारात वाढवलेले कोंब हरितगृहात ठेवायचे. हवेत एथिलीन असला तर कोंबाची उंची खुंटते, तो जाड होतो आणि आडवा पडतो. ना यंत्र, ना वीज. मला स्वतःला त्यांच्या सगळ्या कामात ही युक्ती सर्वांत आवडते.

पुढे १९२१ मध्ये क्रॉकर यांच्याकडे बॉइस टॉमसन या नव्या वनस्पती संशोधन संस्थेचं संचालकपद आलं. न्यूयॉर्कजवळ यॉन्कर्सला १९२४ मध्ये ती सुरू झाली. संचालक झाला की माणूस फायलींत बुडतो, असं आपल्याकडे नेहमी दिसतं. क्रॉकर यांनी मात्र आपला जुना प्रश्न सोडला नाही, आणि तो आपल्यापुरता ठेवलाही नाही. संस्थेतल्या झिमरमन, हिचकॉक या शास्त्रज्ञांबरोबर त्यांनी वायूंचे झाडांवर होणारे परिणाम तपासले. काही वायूंमुळे खोडाला चक्क मुळं फुटलेली दिसली. मग मुळं फुटायला मदत करणारी आणखी द्रव्यं तिथे शोधली गेली, आणि १९३५ मध्ये झिमरमन व विल्कॉक्सन यांनी इंडोल ब्युटिरिक ॲसिडचा हा गुण दाखवून दिला. नर्सरीवाले काका फाटे कलमाच्या टोकाला जी पावडर लावतात ना, तिच्यात बहुतेक वेळा हेच असतं.

एथिलीनची गोष्ट अजून संपली नाही हं. केंब्रिजच्या रिचर्ड गेन यांनी १९३४ मध्ये सिद्ध केलं, की पिकणारं सफरचंद स्वतःच एथिलीन तयार करतं. म्हणजे दिव्याच्या नळातला हा 'विषारी' वायू झाडाच्या घरचाच निघाला! पुढच्याच वर्षी क्रॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला फळं पिकवणारं संप्रेरक म्हटलं. आजी आंब्याची अढी घालते, तेव्हा एक पिकलेला आंबा शेजारच्यांना घाई करतो, तो याच वायूने. कार्नेशनही सुकू लागलं की स्वतः एथिलीन सोडतं आणि शेजारच्या फुलांनाही आपल्यासोबत नेतं.

यावर उपाय सापडायला बराच काळ गेला. १९७८ मध्ये हॉलंडच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की चांदीचं एक संयुग देठावाटे फुलात चढवलं तर कार्नेशन जास्त दिवस टिकतं. पण उरलेलं चांदीचं पाणी ओतायचं कुठे, ही काळजी राहिली. नंतर अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठात सिसलर आणि ब्लँकनशिप यांनी एक वायू शोधला. कुलपात दुसरीच किल्ली अडकावी, तसा तो पेशीत एथिलीनच्या जागी जाऊन बसतो. मग एथिलीन आला तरी फुलाला निरोप पोचतच नाही.

आता तुमची पाळी. फुलवाल्याकडून सारखीच उमललेली दोन ताजी कार्नेशन आणा. आई किंवा बाबांना देठ तिरके कापून द्यायला सांगा. दोन्ही फुलं छोट्या बाटल्यांत पाणी घालून उभी करा आणि झाकणाच्या दोन मोठ्या पारदर्शक डब्यांत ठेवा. एका डब्यात पिकलेलं केळं ठेवा, दुसऱ्यात काही नको. झाकणं लावून डबे सावलीत ठेवा आणि रोज सकाळ-संध्याकाळ बाहेरूनच पाहून वहीत लिहा. कोणतं फूल आधी झोपलं, किती तासांनी, ते आम्हाला जरूर कळवा. फुलवाल्याने आधीच औषध दिलेलं असलं तर दोन्ही फुलं टक्क जागी राहतील. तसं झालं तर तेही लिहा.