मुक्कामाची रीत

मलाजखंड म्हटले की तांब्याची खाण आठवते. पण कान्हा उद्यानाचे मुक्की फाटकही तिथून फार दूर नाही. उद्यानात रात्री गाडी लावून राहता येत नाही. मग बिऱ्हाडासकट हिंडणाऱ्या मोटारी बाहेर, बंजर नदीकाठी नाहीतर कुणाच्या बांधाला थांबतात. महाराष्ट्राने २०२१ साली कॅरॅव्हॅन-पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हा ही हौस वाढणारच. माझी तक्रार हौसेबद्दल नाही. पण नदीकाठच्या मोकळ्या जागेला मालक नसला तरी वहिवाट असते. पहाटे तिथे बायका पाण्याला, धुण्याला येतात. उताराच्या तोंडाशीच मोटार उभी असली तर त्यांनी जावे कुठून? त्यात रात्रभर जनरेटरची घरघर, आणि सकाळी टाकीतले सांडपाणी तिथेच सोडायचे! ‘आम्ही पैसे देऊ की’, असे म्हणतात. कुणाला देणार?

आमचे धनगर पाहा. शेतात मेंढरे बसवण्यापूर्वी ते मालकाला विचारतात. सकाळी रानात लेंडीखत पडलेले असते, आणि त्याबद्दल मालकच त्यांना धान्य किंवा पैसे देतो. आम्हा वाणिज्यवाल्यांना हा जमाखर्च चटकन पटावा. मोटारवाल्यांनी निदान दिवस असतानाच गावात जाऊन जागा विचारावी. आणि सांडपाणी टाकीतच ठेवावे, शहरातल्या गटारापर्यंत.