पट आणि पटांगण

शहरातील एका वृद्ध वाचकांनी आम्हांस एक प्रश्न विचारला आहे. त्यांचा नातू एका प्रतिष्ठित खाजगी शाळेत शिकतो. त्या शाळेच्या खो-खो संघास तालुक्याच्या स्पर्धेत पहिल्या दोन्ही फेऱ्यांत ‘पुढे चाल’ मिळाली, कारण समोरचे संघ आलेच नाहीत. तिसऱ्या फेरीत सामना झाला, तो जिंकला आणि पदक घरी आले. घरात पेढे वाटले गेले. परंतु आजोबांच्या मनात शंका राहिली. ते लिहितात, ‘खाजगी शाळांची मुले व सरकारी शाळांची मुले ह्यांस एकाच पटांगणात उतरविणे न्याय्य आहे काय? दोहोंच्या स्पर्धा निराळ्याच का असू नयेत?’ पेढा खाऊन झाल्यावरही असा प्रश्न ज्यांस सुचतो, त्यांस उत्तर देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

राळेगणसिद्धीस बसून ह्या प्रश्नाचा विचार करू गेले असता पहिली अडचण येते ती शब्दांची. खाजगी कोणती आणि सरकारी कोणती? येथील प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची, हे स्पष्टच आहे. परंतु संत यादवबाबा विद्यालय हे गावकऱ्यांच्या संस्थेने काढलेले. म्हणजे शब्दार्थ पाहू गेल्यास खाजगीच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली स्थापिलेली रयत शिक्षण संस्था, जिच्या वसतिगृहांत गोरगरिबांची मुले राबून शिकली, तीही ह्याच न्यायाने खाजगी. उलट आमच्याच जिल्ह्यात लोणीस ‘पब्लिक स्कूल’ म्हणविणारी निवासी शाळा आहे. तिला त्या नावावरून कोणी सरकारी म्हणणार नाही. महाराष्ट्रातील माध्यमिक शिक्षण बहुतांशी संस्थांच्या हाती आणि सरकारी अनुदानावर चालते. त्यांत २०१२ च्या कायद्याने स्वयंअर्थसहाय्यित शाळांची भर पडली. तेव्हा मालक कोण हे विचारून पटांगणातील न्याय-अन्याय कळावयाचा नाही. आमच्या मते प्रश्न मालकीचा नसून पटाचा आहे.

थोडे गणित करू. मास्तरकीची खोड जात नाही, ती वाचकांनी सोसावी. पहिली ते सातवी अशा एका वाडीवरच्या शाळेचा पट चाळीस धरा. असा पट डोंगरकपारीच्या वस्त्यांवर मुळीच दुर्मिळ नाही. चाळीस मुले सात वर्गांत वाटली म्हणजे वर्गास सहाही भरत नाहीत. त्यांत निम्म्या मुली. सहावी व सातवी मिळून सहा मुलगे हाती लागले तर पुष्कळ. खो-खोच्या संघास पटांगणात नऊ गडी लागतात आणि राखीव वेगळे. कबड्डीचे सात गडी जमविणेही येथे जड. म्हणजे ही शाळा हरत नाही. ती येतच नाही. आमच्या वाचकांच्या नातवास जी ‘पुढे चाल’ मिळाली, तिच्यामागे प्रतिपक्षाचा आळस असेलही, परंतु बहुधा हे साधे वजाबाकीचे गणित असावे. शिवाय ज्या शाळेत दोन-तीनच शिक्षक, तेथील एकजण संघ घेऊन तालुक्यास गेला की मागे राहिलेल्याने सगळे वर्ग एका ओसरीवर कोंडावयाचे.

कायद्यानेही येथे लहानांस फारसा हात दिलेला नाही. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्याने प्रत्येक शाळेस क्रीडांगण सांगितले, हे उत्तम झाले. परंतु आरोग्य व शारीरिक शिक्षणाचा अंशकालीन निदेशक कोणास? तर सहावी ते आठवीत शंभराहून अधिक मुले असतील त्या शाळेस. ज्या शाळेचा एकंदर पट चाळीस, तिला खेळाचा शिक्षक कागदावरसुद्धा मिळावयाचा नाही. पट मोठा तेथे शिक्षक, शिक्षक तेथे सराव, सराव तेथे पदक, आणि पदक तेथे पुन्हा प्रवेशासाठी रांग! ह्यालाच आमच्या शास्त्रकारांनी मात्स्यन्याय म्हटले आहे.

आता दुसरी बाजू. पट केवळ वाढतो असे नव्हे, तो जमविताही येतो. मुंबईचे उदाहरण सर्वांस ठाऊक आहे. सचिन तेंडुलकर वांद्र्याच्या शाळेत शिकत होता. १९८४ साली रमाकांत आचरेकरांच्या हाताखाली तयार व्हावे म्हणून त्याने शाळा बदलली आणि तो दादरच्या शारदाश्रमात गेला. १९८८ च्या फेब्रुवारीत हॅरिस शील्डच्या उपान्त्य सामन्यात त्याने व विनोद कांबळीने सेंट झेवियर्सविरुद्ध ६६४ धावांची अभंग भागी रचली. कांबळीच्या नाबाद ३४९ आणि तेंडुलकरच्या नाबाद ३२६. ह्यात दोष कोणाचा? कोणाचाही नाही. जेथे गुरू तेथे शिष्याने जावे, ही आपली जुनी रीतच आहे. परंतु चांगला गुरू एका शाळेच्या दारी बसला म्हणजे दहा शाळांची गुणी मुले त्या एका नावाखाली गोळा होतात आणि उरलेल्या नऊ शाळा ओस पडतात, ही वस्तुस्थिती तेवढीच खरी. निवासी शाळा आणि क्रीडा अकादमी आज हेच अधिक पद्धतशीरपणे करतात.

दोन खाजगी शाळांतदेखील हे अंतर किती पडू शकते, ते कल्याणास दिसले. १९१६ नव्हे, २०१६ च्या जानेवारीतील गोष्ट. आकडे ऐकून कोणास दंतकथा वाटावी म्हणून साल पुनः सांगतो. सोळा वर्षांखालील आंतरशालेय सामन्यात प्रणव धनावडे नावाच्या रिक्षाचालकाच्या मुलाने एकट्याने नाबाद १००९ धावा केल्या. त्याच्या शाळेने ३ बाद १४६५ वर डाव सोडला. प्रतिपक्षाचे दोन्ही डाव मिळून ३१ आणि ५२. मुलाच्या धैर्याचे व दमाचे कौतुक जगाने केले, ते योग्यच केले. परंतु दोन दिवस चेंडूमागे धावणाऱ्या त्या समोरच्या पोरांकडे कितीकांचे लक्ष गेले? असल्या सामन्याने ना जिंकणारा काही शिकतो, ना हरणारा.

येथे राळेगणची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण ह्या गावानेही एके काळी मुले गोळाच केली होती. १९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून परतल्यावर यादवबाबांच्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला, पाणी अडविले गेले, श्रमदानाने गाव उभे राहिले, हा इतिहास वाचकांस परिचित आहे. पुढे येथील शाळा व वसतिगृह निघाले, तेव्हा प्रवेशाचा नियम ऐकून भले भले चकित होत. इतर शाळा पहिल्या क्रमांकाची मुले शोधीत; येथे नापास झालेल्या, शाळेने नाकारलेल्या मुलांस अगोदर जागा मिळे. पहाटे उठवून त्यांच्याकडून व्यायाम करून घेत. एक संग्रह निवडलेल्यांचा आणि एक टाकलेल्यांचा! परीक्षेच्या बाबतीत जे ह्या गावास सुचले, ते खेळाच्या बाबतीत अद्याप कोणास सुचले नाही, ह्याचे आम्हास नवल वाटते.

हा वाद आपल्याकडेच आहे असे समजू नये. इंग्लंडात शेकडा सुमारे सात मुले खाजगी शाळांत शिकतात. परंतु २०१६ च्या रिओ ऑलिंपिकात त्या देशाच्या पदकविजेत्यांपैकी जवळजवळ एक-तृतीयांश त्या शाळांतून आलेले होते. अमेरिकेत तर ह्या विषयावर मुख्याध्यापकांची मतदाने होतात. टेक्सासात सरकारी शाळांची स्पर्धासंस्था निराळी व खाजगी शाळांची निराळी. इलिनॉय राज्याने २००५ च्या सुमारास असे ठरविले की, ज्या शाळेस विद्यार्थी घेण्याची हद्द नाही, तिचा पट १.६५ ने गुणावा आणि तिला तितक्या मोठ्या शाळांच्या गटात खेळवावे. ओहायोत तीन वेळा असा बदल फेटाळला गेला व २०१४ साली चौथ्या मतदानात तो मान्य झाला. तेथे बाहेरून आलेल्या खेळाडूंचीच गणना अधिक धरतात, मग शाळा सरकारी असो वा खाजगी. ओहायोची ही युक्ती आम्हास शहाणपणाची वाटते, कारण ती मालकाकडे न पाहता मुले कोठून आली हे पाहते. परंतु ती जशीच्या तशी आणून आपले काम व्हावयाचे नाही. तेथे मोठ्यास आणखी मोठा मोजतात. आपणास लहानांस एकत्र मोजावयास शिकले पाहिजे.

आणि निराळ्या स्पर्धा? त्या आहेतच की! जिल्हा परिषदेच्या शाळांच्या स्पर्धा केंद्र, बीट, तालुका, जिल्हा अशा पायऱ्यांनी होतात, मुले त्यांत आनंदाने खेळतात. परंतु तो जिना जिल्ह्याच्या माळ्यावर संपतो. विभाग, राज्य आणि राष्ट्र ह्यांकडे जाणारा जिना दुसरा. तो शालेय क्रीडास्पर्धांचा आणि त्याच्या पहिल्याच पायरीवर शाळेचा स्वतःचा पूर्ण संघ लागतो. त्या जिन्याच्या वरच्या टोकास काय आहे हे घरोघरच्या पालकांस आता चांगले ठाऊक झाले आहे: दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि २००५ पासून शासकीय नोकरीत खेळाडूंकरिता शेकडा पाच जागा. खेळ म्हणजे वेळ घालविणे, असे म्हणणारे आमच्या पिढीतील आजोबासुद्धा हल्ली प्रमाणपत्राची प्रत काढून ठेवतात. तेव्हा वाडीवरच्या मुलास ‘तू तुझ्या निराळ्या जिन्याने जा’ असे सांगणे म्हणजे त्याला नोकरीच्या दारापासून गोडीगुलाबीने दूर ठेवणे होय.

खो-खो आणि कबड्डी हे गरिबांचे खेळ, त्यांत पैशाचे काय काम, असा एक आक्षेप येईल. दोन खांब आणि झाडलेली जमीन एवढ्यावर खो-खो उभा राहतो, हे खरे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने शंभर वर्षांपूर्वी त्याचे नियम बांधले, तेव्हा मातीच गृहीत होती. परंतु २०२५ च्या जानेवारीत दिल्लीस पहिला विश्वचषक झाला तो छताखाली, गादीसारख्या मॅटवर. प्रतीक वाईकर व प्रियांका इंगळे ह्या दोन महाराष्ट्रीय कर्णधारांनी दोन्ही चषक भारतास मिळवून दिले, आमची मान उंचावली. मात्र मॅटवर पाय घसरत कसा रोखावा आणि खांबावरून कसे वळावे, हे मातीवर अनवाणी शिकलेल्या मुलास नव्याने शिकावे लागते. ज्या शाळेच्या दालनात मॅट अंथरलेली आहे, तिच्या मुलास नाही. समानतेचा म्हणून जो एक खेळ आपण मिरवीत होतो, त्यातही आता जमिनीची किंमत शिरली.

तेव्हा आमचे म्हणणे असे. स्पर्धा एकच असावी. परंतु पट ठराविक संख्येहून लहान असलेल्या शेजारच्या शाळांस केंद्राच्या नावाने एक संघ उतरविण्याची मुभा मिळावी. जिल्हा परिषदेची केंद्रे तयारच आहेत. एका केंद्रात दहा-बारा शाळा असतात आणि त्यांत नऊ धावणारी पोरे खचित निघतात. तालुक्याच्या पायरीवर विजयी शाळेबरोबर इतर संघांतील निवडक मुलांसही पुढे सरावास पाठवावे. आणि ज्या शाळेत क्रीडाशिक्षक आहे, तिने आठवड्यातून एक सायंकाळ आपले पटांगण शेजारच्या वाडीस उघडे ठेवावे. ह्यातील पहिल्या दोन गोष्टींस सरकारी हुकूम लागेल. तिसरीस लागत नाही.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांच्या घरी कोणी ना कोणी शाळेच्या समितीवर आहे: काका, मामा, निवृत्त आजोबा. पावसाळा ओसरू लागला की तालुक्याच्या स्पर्धांची पत्रके शाळांत येतात. त्यापूर्वीच्या सभेत एवढेच विचारावे, की गेल्या वर्षी आपल्या संघास पुढे चाल कितींदा मिळाली, आणि जे आले नाहीत त्यांच्या शाळेचा पट किती होता.