गाडी नंतर, नळदुर्ग आधी



दहावीची परीक्षा जवळ आली की सोलापुरात घरोघरी एक वाक्य ऐकू येतं : "नव्वद टक्के पाड, गाडी घेऊन देतो!" कधी बाबा म्हणतात, कधी मामा म्हणतो. आजोबा तर पेन्शनमधून पैसे काढायला तयारच असतात. मग काय, अभ्यासाच्या वहीच्या मागच्या पानावर गाडीचं चित्र येतं, रंग ठरतो, आणि मित्रांबरोबर थेट लडाखचा बेत शिजतो. सोलापूरहून लेह दोन हजारांहून जास्त किलोमीटर आहे, हे नकाशात बघायला मात्र कुणी बसत नाही.

यातली गोम लक्षात आली का? दहावी होते पंधराव्या-सोळाव्या वर्षी. गिअरच्या मोटारसायकलचं लायसन्स मिळतं अठरा पूर्ण झाल्यावर. सोळाव्या वर्षी पालकांच्या संमतीने लायसन्स मिळतं, पण ते बिनगिअरच्या, ५० सीसीपर्यंतच्या गाडीचं. तुमच्या आईबाबांच्या वेळची लुना आठवतेय का, विचारा त्यांना. आज शोरूममध्ये ओळीने उभ्या असतात त्या पेट्रोलच्या स्कूटर ५० सीसीच्या दुपटीहून मोठ्या. म्हणजे "नुसती स्कूटीच तर आहे" हे म्हणणंही चालायचं नाही.

आता दोन शब्द आईबाबांशी. हे पान तुम्हीही वाचता, ठाऊक आहे. २०१९ साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. अठरा वर्षांखालच्या मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, अशी ती शिक्षा. गाडीची नोंदणी बारा महिने रद्द होते. आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही! निकालाच्या दिवशी मोठ्या मायेने दिलेली किल्ली अशी पोराची पुढची कितीतरी वर्षं अडकवून ठेवू शकते. शब्द दिलाच असेल तर तो मोडू नका, फक्त त्यावर तारीख घाला : अठरावा वाढदिवस.

"मग दोन वर्षं आम्ही काय करायचं?" काय करायचं म्हणजे? प्रवास करायचा! गाडी चालवणं महिन्याभरात येतं, रस्ता वाचायला जास्त वेळ लागतो. तो मागच्या सीटवर बसून शिकता येतो. लायसन्स असलेले बाबा, आई, काका किंवा मोठी ताई पुढे, आणि बेत सगळा तुमचा. हेल्मेट दोघांनाही. कायदा मागे बसणाऱ्यालाही तेच सांगतो.

पहिला बेत नळदुर्गचा करू. सोलापूरहून हैदराबाद रस्त्याने जेमतेम ४५-५० किलोमीटर. आपल्याकडे घाट नाही, समुद्र नाही, हे खरं. पण थंडीच्या दिवसांत बोरामणीच्या पुढे दोन्ही बाजूंना ज्वारी वाऱ्यावर डोलत असते, तूर पिवळ्या फुलांनी भरलेली असते आणि समोर रस्ता थेट आभाळाला टेकलेला दिसतो. त्याची मजा घाटात नाही, असं माझं तरी मत आहे. वाटेत गाड्यांच्या पाट्या वाचत चला. एमएच १३ म्हणजे आपलं सोलापूर, एमएच २५ धाराशिव, केए ३२ कलबुर्गी. तीन राज्यांच्या गाड्या या एका रस्त्यावर भेटतात.

नळदुर्गच्या थोडं अलीकडे अणदूर लागतं. इथली गंमत ऐका. अणदूर आणि नळदुर्ग या दोन गावांचा खंडोबा एकच. वर्षातले बरेच महिने देव अणदूरला राहतो आणि थंडीत काही आठवडे नळदुर्गला मुक्कामाला जातो. तो नेताना दोन्ही गावांचे मानकरी चक्क लेखी करार करतात! देवसुद्धा कागद केल्याशिवाय प्रवासाला निघत नाही म्हटल्यावर आपण वहीचं एक पान खर्च करायला काय हरकत आहे?

त्या पानावर काय लिहाल? आधी पेट्रोल. जाऊन-येऊन शंभर किलोमीटर धरा. गाडी लिटरला पन्नास देत असेल तर दोन लिटर. त्या दिवसाच्या भावाने गुणा. मग खाणं : कडक भाकरी, शेंगाचटणी आणि दही. भाकरी मोडली तरी बिघडत नाही, दही सांडलं तर बिघडतं. पाणी माणशी दोन बाटल्या. सोबत गाडीचे कागद, पंक्चर काढणाऱ्याचा फोन नंबर आणि घरी सांगून ठेवलेली परतीची वेळ.

किल्ल्यात बोरी नदीवर दगडी बंधारा आहे. इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या काळात, १६१३ च्या सुमारास तो बांधला. बंधाऱ्याच्या भिंतीच्या पोटातच पाणीमहाल आहे. पावसाळ्यात नदी भरली की पाणी डोक्यावरून जातं, नर आणि मादी नावाच्या दोन धारा धबाधबा कोसळतात, आणि आत उभा असलेला माणूस कोरडा! चारशे वर्षांपूर्वीच्या कारागिरांनी पाण्याचा जोर कुठे वळवला असेल, हे भिंतीजवळ उभं राहून बघा. उपळी बुरुजावर चढायला विसरू नका. वर जुन्या तोफा आहेत.

आता वेळ. उन्हाळ्यात आपल्याकडचा पारा चाळिशी कधी ओलांडतो ते सांगायला नको. सकाळी सहाला निघा, दुपार चढायच्या आत परत या. कोजागरीला तुळजापूरला चालत जाणाऱ्यांची रीघ लागते, तेव्हा तो रस्ता टाळायचा. आषाढीला पंढरपूरचा टाळायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, अंधार पडल्यावर नको. साखर कारखाने सुरू झाले की आपल्या जिल्ह्यात रस्तोरस्ती उसाच्या ट्रॉल्या दिसतात. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस बाहेर लोंबतोय, आणि मागे दिवा नाही, की लाल चकतीही नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर जाते. "अरे, ट्रॉली!" असं मनात येऊन हात ब्रेकवर जाईपर्यंत तो सेकंद संपलेला असतो. पुढे गाडी थांबायला आणखी वीसेक मीटर लागतात, तेही कोरड्या रस्त्यावर. एवढ्या अंतरावरची बिनदिव्याची ट्रॉली अंधारात दिसते का, हे तुम्हीच सांगा.

अशा पाच-सहा फेऱ्या झाल्या की कोणती गाडी घ्यायची हे बरंचसं आपोआप ठरतं. कॉलेज आणि महिन्यातून एक नळदुर्ग, एवढंच असेल तर १०० ते १२५ सीसीची गाडी भरपूर झाली. दुकानात गेलात की आधी सीटवर बसा आणि दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का ते पाहा. स्टँड काढून गाडी ढकलून मागे घ्या. १०० सीसीची गाडी शंभर-सव्वाशे किलोच्या घरात भरते, ३५० सीसीची त्याहून कितीतरी जड. पंक्चर झाल्यावर ती आपल्यालाच ढकलायची असते, विक्रेत्याला नाही!

पाटीवरच्या किमतीला भुलू नका. तिच्यावर रस्त्याचा कर, नोंदणी आणि विमा चढतो. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला त्रयस्थ व्यक्तीच्या नुकसानीचा विमा एकदम पाच वर्षांचा घ्यावा लागतो. आयएसआय शिक्क्याची दोन हेल्मेटं याच हिशेबात धरा. जुनी गाडी घेत असाल तर आरसी बुकातला चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा, आणि आधीच्या मालकाचं कर्ज फिटलंय का तेही विचारा.

अठरा पूर्ण झाले की लर्निंग लायसन्स. ते सहा महिने चालतं आणि तीस दिवसांनंतर पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. तोवर येत्या रविवारी सहाला निघायचं असेल, तर आज रात्रीच बाबांना गाडीच्या टायरमधली हवा विचारून ठेवा.