घरात डीएनएस सर्व्हर हवा कशाला?

घरच्या नेटवर्कसाठी आपला स्वतःचा डीएनएस सर्व्हर बसवू, असा नातवाचा आग्रह आहे. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आकडी पत्ता शोधून देणारी व्यवस्था. माझं मत विचाराल तर, नको.

अर्पानेटच्या काळात सगळ्या यंत्रांची नावं एकाच यादीत असत आणि कॅलिफोर्नियातली एसआरआय ही संस्था ती सांभाळत असे. यंत्रं वाढली, यादी आवरेना, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस आखलं. म्हणजे आधी गरज, मग व्यवस्था. आमच्याकडे दोन संगणक, दोन मोबाइल, एक प्रिंटर. एवढ्याला राउटर पुरतो. प्रिंटरला कायमचा पत्ता ठरवून दिला की झालं.

उद्या तो सर्व्हर बंद पडला, तर नेट चालू असूनही साइट उघडायच्या नाहीत. नातू पुण्यात, घरी आम्ही दोघं म्हातारे. वीजबिल, डॉक्टरांची वेळ, सगळं नेटवर. दुरुस्त कोण करणार?

शाळेत तीस संगणक असतील आणि सांभाळणारा माणूस रोज हजर असेल, तर जरूर बसवावा. जोडीला दुसराही ठेवावा. नातवाला शिकायचंच असेल, तर स्वतःच्या लॅपटॉपवर खुशाल चालवून बघावा. घराची मदार मात्र त्यावर नको.

असो. तुम्हाला काय वाटतं?